देवणीच्या बीजांडालाही ऊन लागते: पशुसंवर्धनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

देवणी आणि लाल कंधारी या गाई आणि मराठवाडी म्हैस यांचा वंश प्रयोगशाळेतील भ्रूणांतून वाढवण्याची योजना योग्यच आहे. आमची मागणी वेळापत्रकाची आहे: मराठवाड्यातल्या दात्या जनावरांची बीजांडे एप्रिल ते जुलै काढू नका.

गाईच्या भ्रूणाची स्वतःची जनुके जोमाने कामाला लागतात ती 8 ते 16 पेशींच्या टप्प्यावर, फलनानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर त्याची सारी गुजराण आईने बीजांडात भरून दिलेल्या आरएनए (जनुकांचे निरोप वाहणारे रेणू) आणि प्रथिनांवर होते. ही शिदोरी फॉलिकल, म्हणजे अंडाशयातली बीजांडाची पिशवी, वाढताना भरली जाते. बीजांड पक्व होऊ लागले की नवी भर जवळपास थांबते. ती अपुरी राहिली, तर नामांकित वळूचे रेतनही कामी येत नाही.

लहान फॉलिकल वाढून बीज सुटायला सुमारे दीड महिना लागतो. म्हणून मे महिन्यात वाढत्या फॉलिकलला बसलेला उन्हाचा ताण मृगाच्या पावसाने जात नाही. गाय चरते, माजावरही येते, पण गाभण राहत नाही, उलटते. गीरसारख्या काटक गाईतही असा उशिरा दिसणारा परिणाम आढळला आहे.

पहिली विभाजने आईच्याच साठ्यावर होत असल्याने 48 तासांनी दिसणारे 2-4 पेशींचे भ्रूण यशात धरू नयेत. 48 तासांचे विभाजन, चौथ्या दिवशी 8 पेशींपुढे गेलेले भ्रूण आणि सातव्या दिवशीचे ब्लास्टोसिस्ट (गाईत सोडण्याजोगे, आत पोकळी झालेले भ्रूण), असे तिन्ही आकडे भ्रूण तयार करणाऱ्या केंद्रांकडून मागवा. विभाजन भरपूर आणि ब्लास्टोसिस्ट मोजके असतील, तर आधी बीजांडे आणि इन्क्युबेटर तपासावा लागेल.

बीजांडे 2 ते 8 मिमीच्या फॉलिकलमधून घेतात; भोवती क्युम्युलस पेशींचे, म्हणजे बीजांडाला पोसणाऱ्या पेशींचे, निदान तीन थर हवेत. प्रयोगशाळेत बीजांड पक्व व्हायला इन्क्युबेटरमध्ये 38.5 अंश सेल्सिअस, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि 22 ते 24 तास लागतात. वीज गेली आणि इन्क्युबेटर थंडावला, की गुणसूत्रे विभागणारे तंतू विस्कटतात. कार्बन डायऑक्साइड निघून गेला की बीजांडे ठेवलेल्या द्रवाचा सामू (पीएच) चढतो. आपल्याकडच्या भारनियमनात यूपीएस आणि जनरेटरशिवाय केंद्राला मंजुरी देऊच नये.

बीजांडांचे संकलन नोव्हेंबर ते मार्च करा. जास्तीचे भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून उन्हाळ्यात वापरता येतील. सात दिवसांचा भ्रूण पहिल्या दिवसाच्या भ्रूणापेक्षा उष्णता बराच अधिक सोसतो. गोठवलेल्या भ्रूणांतून गाभण राहण्याचे प्रमाण ताज्यांहून कमी असते, हे मात्र उद्दिष्ट ठरवताना धरावे. दात्या गाईंच्या गोठ्याला उंच छप्पर, सावली आणि दिवसभर पिण्याचे पाणी यांसाठी निधी याच योजनेतून द्यावा. उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयांना देवणी आणि लाल कंधारीच्या बीजांडांची महिनावार नोंद ठेवण्याचे काम सोपवावे, आणि ते येत्या उन्हाळ्याआधी सुरू व्हावे.

आपले,
मराठवाड्यातील पशुप्रजनन तंत्रज्ञ