वादळ आलं तर बसायचं कुठे

पुणे
ती. आई-बाबांस सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "वादळ आलं तर बघू." ते आल्यावर बघायला वेळ नसतो, म्हणून हे पत्र. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. १६ मे २०२१ ला ताउक्ते गोव्याला बाहेरूनच, समुद्रातून चाटून गेलं, तरी केवढी झाडं पडली आणि वीज किती दिवस गेली, ते तुम्ही भोगलंय.

बाबा, सोप्यावर बसायचं नाही. तुम्हाला वारा बघायला आवडतो, पण विहिरीकडचे दोन्ही माड त्याच बाजूला झुकलेत. आडवे झाले तर कुठे येतील, ते नारळ काढायला येणाऱ्या आपल्या पाडेल्याला विचारा. आई, देवघरातही नको. नमस्कार कर आणि बाहेर ये. तिथे वर मंगळुरी कौलं, वासे जुने. कडेचं एक कौल सरकलं की खालून वारा शिरतो आणि ओळच्या ओळ उचलतो.

मला मागची नवी न्हाणी बरी वाटते. अख्ख्या घरात तेवढ्यावरच स्लॅब आहे, भिंती चिऱ्याच्या, आणि खिडकी म्हणजे वरचा एक झरोका. न्हाणीत बसायचं म्हणून आई नाक मुरडणार, मुरडू दे. दोन खुर्च्या मावतील, फक्त गीझरच्या खाली ठेवू नका.

आणि बाबा, दारं-खिडक्या उघडल्या की वारा आरपार जाईल, हे तुमचं म्हणणं सोडून द्या. एकीकडून घुसलेला वारा आतून छप्पर वर ढकलतो. सगळं घट्ट लावा, गॅसचा रेग्युलेटर आणि मेन स्विच बंद करा. मध्येच वारा एकदम पडला तर लगेच नारळ वेचायला धावू नका. वादळाचा डोळा वरून जात असेल तर थोड्या वेळानं तोच वारा उलट बाजूनं येतो. रेडिओवर सांगेपर्यंत बाहेर पडायचं नाही.

गोळ्या, चष्मे, टॉर्च, पिण्याचं पाणी आणि चार्ज केलेला फोन जवळ असू दे. अडचण आली तर ११२ लावा, मला नंतर. मी पुण्याहून काय करणार?

रविवारी एकदा खुर्च्या ठेवून, दार लावून बघा. न्हाणीचा उंबरठा उंच आहे. आईचा गुडघा तिथे अडतो का ते कळवा, म्हणजे गवंड्याला सांगून एक पायरी करून घेऊ. माडांचं मी आल्यावर ठरवू.

तुमची,
धाकटी