आई, पहिला घास तुझा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी भाजलेल्या ब्रीची, म्हणजे त्या मऊ फ्रेंच चीजची, कृती सांगत होते आणि आवाज सारखा तुटत होता. शेवटी आई, तू म्हणालीस, "सगळं नीट लिहून पाठव. बाबा वाचतील, मी करीन." म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचणार हे धरूनच लिहिते आहे.

खरं सांगायचं तर हे लिहायचं माझ्या मनात त्या फोनच्या आधीपासून होतं. मागच्या खेपेला तुम्ही आला होतात तेव्हा मी हाच पदार्थ केला होता. चकती ओव्हनमधून काढली, वर अक्रोड घातले, मध सोडला. मधोमध चीज हलकेच थरथरत होतं. सगळे टेबलाभोवती जमले आणि आई, तू ओट्यापाशी भांडी विसळत उभी. "तुम्ही घ्या रे, मी आलेच." तू आलीस तोवर पंधरा मिनिटं उलटून गेली होती. बशीत थिजलेला, चिवट गोळा उरला होता. तू तो खाल्लास आणि "छान झालंय" म्हणालीस. जे छान होतं ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही, आणि मीही तुला हाताला धरून बसवलं नाही. तेव्हापासून ते मनात रुतून बसलंय. या वेळी तू करणार आहेस, म्हणजे ओट्यापाशी तूच असणार. त्यामुळे कृतीइतकंच कोण कुठे बसणार हेही मी लिहिणार आहे.

आधी चीजबद्दल. बाबा, हे तुमच्या आवडीचं. ब्री हे मुळात फ्रान्समधल्या एका प्रदेशाचं नाव आहे, पॅरिसच्या पूर्वेचा. तिथल्या मो या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रीला १९८० साली कायद्याने संरक्षित नाव मिळालं. तिची चकती ३६-३७ सेंटीमीटर रुंद असते, वजन अडीच-तीन किलो, आणि एका चकतीला सुमारे २५ लिटर दूध लागतं. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१४-१५ मध्ये व्हिएन्नात युरोपातले मुत्सद्दी जमले होते. तिथे फ्रान्सचा मुत्सद्दी तालेराँ याने निरनिराळ्या देशांच्या चीजची चढाओढ लावली आणि ब्रीला चीजचा राजा ठरवलं, अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच घ्या, पण गोड आहे.

आपल्याला मात्र ती मोठी चकती नको आणि तिचा कापलेला त्रिकोणी तुकडाही नको. तुकड्याची बाजू उघडी असते. गरम झालं की सगळं चीज त्या बाजूने वाहून जातं. सगळीकडून बंद अशी लहान, २०० ते २५० ग्रॅमची अख्खी चकती घ्या. ब्री नसली तर कामाम्बेर नावाचं तसंच चीज चालेल. ते फ्रान्समधल्याच नॉर्मंडीचं, अडीचशे ग्रॅमचं, लाकडी डबीत मिळतं. त्याचा वास थोडा उग्र असतो, म्हणून तुमच्यासाठी मी ब्रीच सुचवेन.

पाकिटावर दोन गोष्टी वाचायच्या. पहिली, दूध पाश्चराइज्ड, म्हणजे तापवून जंतू मारलेलं, आहे का. मो गावची अस्सल ब्री कच्च्या दुधाचीच करतात आणि तुमच्या वयाला ती मी देणार नाही. मऊ चीजमध्ये लिस्टेरिया नावाचा जीवाणू असू शकतो, तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि पासष्टीच्या पुढे त्याचा त्रास गंभीर होऊ शकतो. दुसरी गोष्ट आईसाठी: रेनेट कोणतं आहे. दूध विरजायला वापरतात ते पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढलेलं असतं. 'मायक्रोबियल रेनेट' किंवा 'शाकाहारी' असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. नुसतं 'रेनेट' लिहिलं असेल तर परत ठेवा.

आई, चकती हातात घेतलीस की तुला पहिल्यांदा वाटेल, याला बुरशी आली आहे. आलेलीच आहे, आणि ती मुद्दाम आणलेली आहे. पेनिसिलियम कॅमेम्बर्टी असं तिचं नाव. ती वरच्या पांढऱ्या, मखमली सालीत वाढते आणि चीजला बाहेरून आत पिकवत नेते. म्हणूनच कोवळी ब्री कापली तर कडेला मऊ आणि मध्ये खडूसारखी पांढरी, ठिसूळ दिसते. पिकत गेली की मधला खडू नाहीसा होतो. बोटाने मध्ये दाबून बघ, किंचित दबली पाहिजे. साल खायची असते. तू सवयीने ती सोलून टाकशील म्हणून आधीच सांगते, सोलू नकोस. चीज वितळतं पण साल वितळत नाही. तीच आपली वाटी. पाकीट उघडल्यावर अमोनियाचा जरासा वास आला तर पाच मिनिटं उघडी ठेव, तो जातो. वास डोळ्यांत झोंबण्याइतका असेल किंवा सालीवर हिरवे-काळे डाग असतील तर सरळ टाकून दे. तिथे काटकसर नको.

आता अक्रोड. या पदार्थात सगळ्यात जास्त दुर्लक्ष अक्रोडांकडेच होतं. कच्चे अक्रोड चकतीवर ठेवून ओव्हनमध्ये घातले की ते भाजले जातील असं वाटतं. पण तसं होत नाही. खालून चीजची वाफ, वरून अंजिराच्या जॅमचा ओलावा, त्यात ते फक्त मऊ पडतात. म्हणून ते आधी वेगळे भाजायचे: मूठभर अक्रोड, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं. वास सुटला की एक मोडून बघ. आतून फिकट तांबूस दिसला की लगेच बाहेर काढून गार बशीत पसर, कारण गरम ट्रेमध्ये तो भाजला जातच राहतो. मग स्वच्छ फडक्यात घेऊन चोळ. सालपटं निघतात आणि कडवटपणा बराचसा त्यांच्यातच असतो. सगळी नाही निघाली तरी चालेल, थोडा कडवटपणा गोडाला सांभाळून घेतो.

बाबा, तुमच्या कवळीचा विचार करून अक्रोड वाटाण्याच्या निम्म्या आकाराचे चिरायचे. आई, पूड मात्र करू नकोस. मऊ चीजमध्ये मधूनच काहीतरी दाताखाली यायला हवं, नाहीतर सगळंच लिबलिबीत लागतं. अक्रोड खवट नाहीत ना, हे आधी चाखून घे. त्यांच्यात तेल भरपूर असतं आणि उन्हाळ्यात उघड्यावर ते पटकन खवट होतात. यापुढे अक्रोड फ्रिजमध्येच ठेवत जा. अक्रोडांऐवजी पिस्ते किंवा बदामही चालतात, पण मला अक्रोडच आवडतात. बदामाला स्वतःचं बोलणं कमी.

गोडाचं काय ते नीट ऐका. ब्री खारट असते. १०० ग्रॅममध्ये साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम आणि २८ ग्रॅमच्या आसपास चरबी असते. त्या खारट-स्निग्ध चवीला गोड लागतंच, पण नुसतं गोड घातलं की दोन घासांत जीव भरून येतो. सोबत थोडा आंबटपणा हवा. म्हणून मी अंजिराच्या जॅममध्ये लिंबाचे चार थेंब घालते. बाबांची साखर लक्षात घेता तुम्ही जॅम वगळा. तीन सुके अंजीर गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून बारीक चिरा, त्यात लिंबू आणि चिमूटभर मिरपूड. साखर त्यातही आहेच, पण किती घालायची ते आपल्या हातात राहतं. मध वरून एक छोटा चमचा, तोही आईच्या अर्ध्या बाजूला. मीठ अजिबात नको. आई, तुझ्या रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि चीजमध्ये मीठ पुरेसं आहे.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा चकती सपाट ट्रेवर ठेवली, आधीच मध ओतला आणि पंचवीस मिनिटं विसरले. साल एका बाजूने फाटली, चीज ट्रेभर पसरलं, तूप वेगळं आणि दाणेदार गोळे वेगळे झाले. कडेला मध जळून काळा पडला. त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या: मध शेवटी, आणि चकतीला भिंत हवी. तुमच्याकडे ओव्हनमध्ये चालणारं ते जाड, लहान भांडं आहे ना, पांढरं, चकती जेमतेम मावेल एवढं, तेच घ्या. साल फाटली तरी चीज भांड्यातच राहील. शिवाय चीज मधोमध वाफा येईपर्यंत तापवता येईल, आणि तुमच्यासाठी मला तेच हवं आहे.

चकती फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेव. प्लास्टिक, कागद, चिकटवलेली नावाची पट्टी, सगळं काढ. धारदार सुरी पाण्यात बुडवून वरची साल चौकटी-चौकटीने चीर, पाव इंच खोल, कडेपर्यंत न जाता. त्या चिरांतून वाफ बाहेर पडते आणि अंजिराचा रस आत उतरतो. वर अंजीर पसर. रोझमेरी या सुगंधी पाल्याची काडी असेल तर तिची चार पानं घाल, नसेल तर अडून बसू नकोस.

ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटं आधी तापव. तुमचा ओव्हन लहान आहे आणि वरची कॉइल जवळ येते, म्हणून भांडं खालच्या जाळीवर ठेव. पंधराव्या मिनिटाला बघ, विसाव्यापर्यंत काढायचंच. कडेला बुडबुडे येतात ते धरायचे नाहीत. मधोमध चमचा हलकेच टेकवला की आतलं चीज हलायला हवं आणि वाफ दिसायला हवी. बाबा, तुमचा थर्मामीटर इथे कामाला येईल. मधोमध ७४ अंश दिसले की झालं. त्याच्या फार पुढे नेऊ नका, प्रथिनं आवळतात आणि चीज परत घट्ट व्हायला लागतं.

आता मुख्य गोष्ट. हा पदार्थ कोणासाठी थांबत नाही. बाहेर काढल्यावर तीन-चार मिनिटं ठेवावा लागतो, नाहीतर जीभ पोळते. त्यानंतर जेमतेम दहा मिनिटं तो हवा तसा असतो: ब्रेडच्या तुकड्यावर घेतला की तार धरतो, अंजीर गरम, अक्रोड कुरकुरीत. मग गार होत जातो आणि घट्ट होतो. परत गरम केला तर खाता येतो, पण ती पहिली मऊ चव पुन्हा येत नाही.

म्हणून तयारी उलटी करायची. ओव्हनमध्ये घालायच्या आधी ब्रेड भाजून ठेवा आणि पेअर चिरून ठेवा. पेअर कडक नको, बाबांना चावता येईल असा पिकलेला. बशा, चमचे, पाण्याचे पेले टेबलावर मांडा. सुरी आणि पाट धुवून टाका. मग ती वीस मिनिटं ओट्यावर काही उरणारच नाही. घंटी वाजली की बाबा, भांडं तुम्ही काढायचं. आईची मनगटं हल्ली दुखतात आणि ते भांडं गरम आणि जड असतं. दोन्ही हातांत जाड मोजे घाला आणि खाली लाकडी पाट ठेवा. अक्रोड आणि मध आईने घालायचा, पण बसून. भांडं तिच्यासमोर ठेवा.

आई, तू नळ सोडशील हे मला माहीत आहे. "तेवढी एक सुरी" असं म्हणशील. आम्ही लहान असताना तू कधी पहिल्या पंगतीला बसलीस ते मला आठवतच नाही. दादालाही आठवत नाही, मी विचारलं त्याला. आम्ही गरम खाल्लं ते तू उभी होतीस म्हणून. आता घरात तुम्ही दोघंच आहात, वाढायला कोणी ताटकळत नाहीये, तरी तू उभीच असतेस असं बाबा सांगतात. या एका पदार्थापुरतं तरी माझं ऐक. बाबा, ती बसेपर्यंत तुम्ही ब्रेडला हात लावायचा नाही. पहिला घास तिने तोडायचा, मधोमध, जिथे सगळ्यात मऊ असतं तिथला.

चकती दोघांना एका वेळी जास्त होईल, अर्धीच खा. उरलेलं दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा, आणि खाताना पुन्हा वाफा येईपर्यंत तापवा.

रविवारी संध्याकाळी करा, मला सुट्टी असते. भांडं टेबलावर आलं की लगेच मला फोन लावू नका, फोटोसुद्धा काढू नका, त्यात चार मिनिटं जातात. खाऊन झाल्यावर करा. मी फोनजवळच बसलेली असेन.

तुमचीच,
धाकटी