पर्यावरणाचा तास पायवाटेच्या कडेला घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरण शिक्षणाची चर्चा निघाली की सहलींचा आग्रह धरला जातो. मुलांना जंगल दाखवा, नदी दाखवा. सहलीला आमचा विरोध नाही. पण एका दिवसाच्या भेटीत मुले पाहतात, मोजत नाहीत. आणि मोजलेच तरी पुन्हा त्याच जागी जाऊन ताडून पाहता येत नाही. त्यासाठी वर्षभर हाताशी राहील अशी जागा लागते. आवारातली एक तुडवलेली पायवाट आणि तिच्या शेजारची न तुडवलेली जमीन एवढे पुरेसे आहे. तेथे वनस्पती, पाण्याचा निचरा आणि मातीतले जीव अशी तीन मापे घेता येतात आणि एक माप दुसऱ्याचा उलगडा करते.

जागा निवडतानाच पहिली चूक होते. पायवाट उन्हात आणि दुसरी जागा झाडाखाली असली, तर दिसलेला फरक तुडवण्याचा की सावलीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही जागा एकाच झाडाच्या सावलीत हव्यात, नाहीतर दोन्ही उघड्यावर. शिवाय एकाच पायवाटेवर वीस ठिकाणी मोजले तरी निष्कर्ष त्या एका पायवाटेपुरताच राहतो. वर्गाचे गट पाडून तीन-चार वेगवेगळ्या पायवाटा वाटून दिल्या, तरच ‘तुडवल्याने काय होते’ या प्रश्नाला हात घालता येतो.

वनस्पतींसाठी आतून ५० सेंटिमीटर बाजूची चौकट करावी. पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, चार एल्बो (काटकोनी जोड) आणि न ताणणारी दोरी एवढेच सामान. एल्बोमुळे माप बदलते, म्हणून तुकडे आधी नुसते जोडून, आतली बाजू मोजून मगच अंतिम कापावेत. दर ५ सेंटिमीटरवर भोके पाडून दोरी उभी-आडवी ओवली की १०० घरे होतात आणि एखाद्या गवताने किती घरे व्यापली हे थेट टक्क्यांत मिळते. १ मीटरची चौकट अरुंद पायवाटेवर बसत नाही. पायवाटेवर लहान आणि बाजूला मोठी, असे मात्र कधीही करू नये. चौकट मोठी झाली की प्रजातींची संख्या आपोआप वाढते.

डोळे मिटून चौकट खांद्यावरून मागे भिरकावण्याची पद्धत अजून सर्रास चालते. ती सोडायला हवी. फेकणारा नकळत मोकळ्या, सोयीच्या बाजूलाच फेकतो. त्याऐवजी काटकोनात दोन टेप पसराव्यात, अंकांच्या चिठ्ठ्या उचलाव्यात आणि आलेल्या दोन अंतरांच्या छेदावर चौकट ठेवावी, मग तिथे दगड असो की काटेरी झुडूप. मूळ आत असेल तरच रोप मोजायचे, पाने आत डोकावत असली तरी नाही. रेषेवरची रोपे वरच्या आणि डाव्या बाजूची धरायची, उरलेल्या दोन बाजूंची सोडायची. नाव माहीत नसल्याने काही अडत नाही. ‘गवत क’, ‘गवत ख’ असे लिहून एक नमुना वहीत दाबून ठेवला, तर पुढच्या महिन्यातही ‘क’ म्हणजे कोण याबद्दल वाद होत नाही. चौकटी किती घ्यायच्या? प्रत्येक चौकटीनंतर आतापर्यंत सापडलेल्या एकूण प्रजातींचा आलेख काढत जावे. रेघ आडवी होऊ लागली की थांबावे.

पाणी जिरण्याचा प्रयोग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण निकाल डोळ्यांदेखत मिळतो. १५ सेंटिमीटर व्यासाचे, दोन्ही तोंडे उघडी असलेले धातूचे नळकांडे घ्यावे. जमिनीवरचे गवत कात्रीने कापावे, उपटू नये. उपटल्याने मुळांच्या जागी भोके पडतात आणि पाणी खोटे जलद जिरते. वर लाकडी ठोकळा ठेवून नळकांडे सरळ ६-७ सेंटिमीटर ठोकावे आणि आतल्या कडेची माती बोटाने हलकी दाबून फट बुजवावी. आत प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरून त्यावर ४४० मिलिलिटर पाणी ओतावे, म्हणजे २.५ सेंटिमीटर उंचीचा थर होतो. कागद अलगद काढून घेताच घड्याळ सुरू करायचे आणि पृष्ठभागावर नुसती चकाकी उरली की थांबवायचे. कागदाविना पाणी ओतले तर माती ढवळते, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वेळ वाढतो.

आता महत्त्वाचे. पहिल्या ओतण्याचा वेळ जमीन किती कोरडी होती यावरही ठरतो, म्हणून लगेच तेवढेच पाणी दुसऱ्यांदा ओतून तो वेळ तुलनेसाठी घ्यावा. नळकांड्याबाहेर ओल फुटली तर ते माप रद्द करून अर्धा मीटर सरकावे. तुडवलेल्या चिकण मातीत दुसरे पाणी तासभरही उभे राहू शकते. तेव्हा पाणी काढून न टाकता ठरलेल्या वेळी किती मिलिमीटर उतरले ते पट्टीने मोजावे. वजनाने मातीतली मोठी छिद्रे आधी मिटतात आणि पाणी जलद वाहून नेण्याचे काम तीच करतात. मुळांच्या वाटा आणि गांडुळांची बिळेही याच छिद्रांत मोडतात, म्हणून पुढचा प्रयोग जिवांचा.

दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली वरून एक तृतीयांशावर कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा खालच्या भागात उलटा बसवायचा. आत ३ ते ५ मिलिमीटरची जाळी, तिच्यावर पालापाचोळा आणि वरची सैलसर माती, साधारण ५ सेंटिमीटर जाडीचा थर. बर्लेस आणि टुलग्रेन यांच्या नावाने ओळखले जाणारे हे साधन वर्गात असे बनते. वरून उष्णता आणि उजेड मिळाल्याने जीव खाली सरकतात आणि भांड्यात पडतात. दिवा २५ ते ४० वॉटचा, तापणाऱ्या तारेचा जुना बल्बच हवा. एलईडीची ऊब पुरत नाही. तो १५ सेंटिमीटर तरी वर ठेवावा. फार जवळ आणला तर वरचा थर एकदम वाळतो, सावकाश चालणारे माइट्स (कोळ्यांच्या कुळातले बारीक जीव) वाटेतच मरतात आणि जमीन निर्जीव असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. तीन ते पाच दिवस थांबावे. खाली ७० टक्के अल्कोहोल ठेवण्याची रीत आहे, पण वर दिवा असताना शाळेत ती जोखीम कशाला? खाली ओला टिपकागद ठेवावा, दिवसातून दोनदा भिंगाखाली मोजणी करावी आणि जीव त्यांच्या जागी सोडून द्यावेत. माती भरताना भांडे खाली नसावे, नाहीतर पडलेल्या मातीत स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक जीव) शोधणे अशक्य होते. आणि दोन्ही जागांची माती समान आकारमानाने घ्यावी, वजनाने नव्हे. घट्ट मातीचे वजन जास्त भरते.

जवळ तळे असेल तर विरघळलेला ऑक्सिजन जरूर मोजावा, पण एकच वेळ घेऊन पाण्याला चांगले-वाईट ठरवू नये. गोड्या पाण्यात समुद्रसपाटीच्या दाबाला संपृक्त प्रमाण, म्हणजे हवेतून जास्तीत जास्त विरघळू शकणारा ऑक्सिजन, २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.६ असते. शेवाळाने भरलेल्या तळ्यात दुपारी ते याहून जास्त आणि पहाटे अगदी कमी येऊ शकते, म्हणून दोन्ही वेळा मोजावे. बाटली तळापर्यंत नळी घालून भरावी, पाणी दोन-तीन बाटल्यांएवढे ओसंडू द्यावे आणि बूच लावताना बुडबुडा राहू देऊ नये. तेवढ्या हवेनेही आकडा बिघडतो. ऑक्सिजन मोजण्याच्या रासायनिक चाचणीत लागणारे सल्फ्युरिक आम्ल शिक्षकांनीच घालावे.

एका लोकप्रिय प्रयोगाबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवे. दोन बरण्या, एकीत कार्बन डायऑक्साइड, वर दिवा, आणि ती जास्त तापली म्हणून हरितगृह परिणाम सिद्ध! तापमान वाढते हे खरे, पण त्याचे मुख्य कारण वेगळे आहे. हा वायू हवेहून जड असल्याने बरणीत खाली बसतो, हवेशी लवकर मिसळत नाही आणि उष्णता वर वाहून नेणारे प्रवाह मंदावतात. अवरक्त (उष्णतेचे) किरण न शोषणारा आर्गॉन भरला तरी तसाच परिणाम दिसतो. हरितगृह परिणाम पूर्णपणे खरा आहे, आणि म्हणूनच तो चुकीच्या पुराव्यावर शिकवणे आम्हाला खटकते.

यातले बहुतेक सामान साधे आहे. अडते ते वेळापत्रकात आणि गुणपत्रकात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात नळकांडे ठोकून दोनदा पाणी जिरवणे होत नाही. महिन्यातून एकदा सलग दोन तास हवेत. आणि गुण सजवलेल्या फायलीला न देता जागेवर भरलेल्या कच्च्या वहीला द्यावेत, जिच्यात खोडलेले आकडे, रद्द केलेली मापे आणि रद्द करण्याचे कारण दिसते. अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा लिहिला म्हणून गुण कापले जातात तिथे पुढच्या वेळी मुले आकडे जुळवून आणतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. वृक्षारोपणाच्या छायाचित्रांना जागा मिळते, तशीच अधूनमधून शाळांनी घेतलेल्या मापांनाही द्यावी: दोन जागा, तारीख, पद्धत आणि आकड्यांचा छोटा तक्ता. दुसऱ्या शाळेला तेच माप आपल्या आवारात घेऊन पाहता येईल इतका तपशील त्यात असावा.

आपले,
पर्यावरणशास्त्र शिकवणारे काही शिक्षक