तक्रार: गायनवृंदाच्या युरोप दौऱ्यातील शेवटचे तीन दिवस

प्रति,
व्यवस्थापक, ग्रुप टूर विभाग

विषय: लाइपझिगच्या कार्यक्रमाआधी हुकलेली तालीम, परस्पर रद्द केलेला मुक्काम आणि त्याची भरपाई

महोदय,
स.न.वि.वि.

आमचा पुण्याचा ३४ जणांचा गायनवृंद मे महिन्यात आपल्या कंपनीमार्फत साल्झबर्ग, व्हिएन्ना, प्राग आणि लाइपझिग असा ११ दिवसांचा दौरा करून आला. पहिल्या आठवड्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. साल्झबर्गची व्यवस्था चोख होती. हे पत्र शेवटच्या तीन दिवसांबद्दल आहे.

बुकिंगच्या वेळी मी तुमच्या कार्यालयात बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. शुक्रवारी दुपारी साडेतीन ते साडेपाच आम्हाला लाइपझिगच्या चर्चमध्ये तालमीसाठी उभं राहायला मिळालंच पाहिजे. तुमच्या ईमेलमध्ये तसं लेखी आश्वासनही आहे. प्रत सोबत जोडली आहे. दगडी चर्चमध्ये स्वर काही सेकंद रेंगाळतो. पुण्याच्या हॉलमध्ये बसवलेली लय तिथे तशीच ठेवली तर शब्दावर शब्द चढतात. लय किती उतरवायची, बेसवाले (सर्वांत खालच्या पट्टीत गाणारे पुरुष) कुठे उभे करायचे, ओळीतलं शेवटचं व्यंजन कधी सोडायचं हे त्या जागेत गाऊनच कळतं. वृंदगान करणाऱ्याला त्या दोन तासांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

प्रत्यक्षात काय झालं? गुरुवारी व्हिएन्नातला कार्यक्रम रात्री नऊला संपला. मूळ कार्यक्रमपत्रिकेत त्या रात्री व्हिएन्नातच मुक्काम होता. तो रद्द झाल्याचं आम्हाला बसमध्ये बसल्यावर समजलं. रात्री दहाला निघून सुमारे ३३० किलोमीटर कापत आम्ही प्रागला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. आमच्यात सत्तरीच्या तिघी आहेत. गाऊन थकलेले गळे एसीच्या कोरड्या हवेत साडेचार तास बसले.

सकाळी आठला निघायचं म्हणून सगळे लॉबीत तयार होते. ड्रायव्हरने मला बसजवळ बोलावलं, टॅकोग्राफमधून (गाडी चालवण्याच्या आणि विश्रांतीच्या वेळा नोंदवणाऱ्या यंत्रातून) निघालेली कागदाची पट्टी हातात दिली आणि बोटाने वेळा दाखवल्या. युरोपात बसचालकाला रोज सलग ११ तासांची विश्रांती सक्तीची आहे. ती ९ तासांवर आणायची सवलत दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदाच मिळते, आणि तुमच्या आखणीत ती तिन्ही वेळा आधीच वापरून झाली होती. पावणेदोनच्या आत गाडी हलणं शक्य नव्हतं. त्या माणसाचा यात काडीचा दोष नाही. तो नियमाने वागला आणि आमच्या जिवाचीच काळजी घेतली. हा नियम तुमच्या आखणी करणाऱ्यांना ठाऊक असायला हवा होता. तुमच्या टूर मॅनेजर व्हिएन्नाहूनच दुसऱ्या ग्रुपबरोबर गेल्या होत्या आणि इमर्जन्सी नंबरवर मी केलेल्या सात कॉलपैकी एकही उचलला गेला नाही.

लाइपझिगला पोचलो तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. चर्चचे सेवेकरी हातात किल्ल्या घेऊन दारात उभे होते. साडेतीनपासून वाट पाहत होते. आत वाद्यांची आणि खुर्च्यांची मांडामांड सुरू झाली होती, त्यामुळे तालीम झाली नाही. साडेसातला आम्ही थेट श्रोत्यांसमोर उभे राहिलो आणि पहिल्याच अभंगात टेनर (वरच्या पट्टीत गाणारे पुरुष) आणि बेस यांच्यात अर्ध्या मात्रेचं अंतर पडलं. दिग्दर्शकांनी हाताने लय धरून ते सावरलं, पण तिसऱ्या रचनेपर्यंत सूर बसला नाही. श्रोते प्रेमळ होते, उभं राहून टाळ्या वाजवल्या. आम्हाला मात्र ठाऊक आहे की आम्ही चौदा महिने ज्यासाठी तयारी केली ते गाणं तिथे झालं नाही.

शनिवारचं दुःख त्याहून मोठं आहे. थोर जर्मन संगीतकार बाख १७२३ पासून १७५० मध्ये वारेपर्यंत लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये संगीताचे प्रमुख होते. त्यांची समाधीही त्याच चर्चमध्ये, साध्या ब्राँझच्या फरशीखाली आहे. शनिवारी दुपारी तीनला तिथे मोटेट, म्हणजे वृंदाने गायलेल्या धार्मिक रचनांचा कार्यक्रम, असतं. ते ऐकून समाधीपाशी दोन मिनिटं उभं राहायचं, म्हणून आम्ही परतीचं विमान रविवारचं घेतलं होतं. तुम्ही शनिवारचा लाइपझिगचा मुक्काम परस्पर रद्द करून फ्रँकफर्टच्या विमानतळाजवळचं हॉटेल घेतलं आणि बस सकाळी दहाला सोडली. आमच्या अल्टोमधल्या (खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांमधल्या) एक काकू, ज्यांनी पेन्शनमधून हप्त्यांनी पैसे भरले होते, त्या खिडकीशी बसून चर्चचा उतरता उंच छपराचा भाग दिसेनासा होईपर्यंत मागे पाहत होत्या.

फ्रँकफर्टच्या हॉटेलात नाश्ता नव्हता, त्याचं बिल सोबत आहे.

आमच्या मागण्या अशा. व्हिएन्ना आणि लाइपझिग येथील रद्द केलेल्या दोन्ही मुक्कामांची पूर्ण रक्कम प्रत्येक सदस्याला परत मिळावी. दौऱ्याच्या एकूण शुल्काच्या २० टक्के भरपाई मिळावी. आणि लाइपझिगच्या चर्चला तुमच्या लेटरहेडवर दिलगिरीचं पत्र जावं, कारण तिथे उशिरा येणारे म्हणून आमचं नाव लागलं आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. सदस्यांनी तसा ठराव केला आहे.

कळावे,

आपली,
सचिव, गायनवृंद, पुणे

सोबत: ईमेलची प्रत, मूळ व बदललेली कार्यक्रमपत्रिका, टॅकोग्राफच्या पट्टीचा फोटो, नाश्त्याचं बिल