सोळाकोनी तळ्यापाशी

पुणे,
२५ ऑगस्ट

प्रिय दोस्ता,

तुझ्या मेसेजला चार दिवस उत्तर दिलं नाही, रागावला असशील. ‘दिवाळीत येतोय, छकुलीला लोहगड दाखवायचाय, जमेल का तिला?’ असं तू विचारलंस. त्याच्या आदल्याच दिवशी मी लोहगडावर होतो, आणि तिथे जे घडलं ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसलोय.

सकाळच्या लोकलने मळवलीला उतरलो. भाजे, तिथून गायमुख खिंड, आपली नेहमीचीच वाट. तू असताना गर्दी नको म्हणून आपण खिंडीतून विसापूरकडे वळायचो. या वेळी एकटाच होतो, म्हटलं विंचूकाट्यावर, गडाच्या त्या निमुळत्या सोंडेवर, जाऊन बसू. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात लोहगडही आहे ना, तर आता आजीआजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत अख्खी कुटुंबं दिसतात. गणेश दरवाज्यापासून महादरवाज्यापर्यंत पायऱ्यांवर नुसती रांग. मला ते आवडतं. लहानपणी आपल्याला कोणी असं नेलं नव्हतं.

विंचूकाट्यावरून परत वर आलो तेव्हा एक वाजला असेल. पवना धरणाच्या बाजूने धुकं असं भरून आलं की दहा पावलांपलीकडचं दिसेना. नाना फडणवीसांनी बांधलेलं ते सोळाकोनी तळं तुला आठवत असेल. तिथवर अंदाजानेच पोचलो. काठाजवळच एका पडक्या जोत्याच्या आडोशाला पिवळं काहीतरी दिसलं. सोनकीचा ताटवा वाटला, सध्या सगळा गड सोनकीने पिवळा झालाय. तेवढ्यात तो ताटवा हलला.

रेनकोट होता. आत सहा-सात वर्षांची मुलगी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. एका पायात सँडल, दुसरा पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल.

आणि ऐक, तेव्हाच लांबून, बहुधा लक्ष्मीकोठीच्या बाजूने, हाका ऐकू येत होत्या. एका बाईचा आवाज, एका पुरुषाचा. एकच नाव पुन्हा पुन्हा. प्रत्येक हाकेला ही पोर मान आणखी खाली घालत होती. ऐकू येत होतं तिला. ती ओ देत नव्हती.

तुला खरं सांगतो, माझं पाऊल आधी अडखळलं. दाट धुकं, आसपास कोणी नाही, आणि मी एकटा पुरुष एका अनोळखी मुलीजवळ. कोणी पाहिलं तर काय समजेल, हा विचार आला. तो आला याची मला आज लाज वाटते, पण आला. मग पाच-सहा हात अंतर ठेवून, तिच्याकडे तोंड न करता, तळ्याकडे बघत खाली बसलो. माणूस उभा राहून विचारतो तेव्हा मुलाला तो डोंगराएवढा दिसत असणार.

“तुला हाका मारतायत ना?”

काहीच नाही. थोड्या वेळाने, “बाबा ओरडतील.”

हळूहळू कळलं. चिखलात सँडल रुतून बसली, ती काढायला ही मागे थांबली, आईबाबांना वाटलं पुढच्या मुलांबरोबर असेल. सँडल काही निघाली नाही. नवी होती. नवी सँडल हरवली म्हणून ती लपली होती, रे. हरवलेली आपण आहोत हे तिच्या गावीही नव्हतं.

फोन काढला, रेंज नाही. मग शिट्टी. तू लोणावळ्याहून घेऊन दिलेली ती नारिंगी शिट्टी अजून सॅकच्या पट्ट्याला आहे. तीन वेळा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीन वेळा. तिला घेऊन हाकांच्या दिशेने चालायला लागावं असं फार वाटत होतं. पण धुक्यात आवाजाची दिशा फसवते, आणि ते इकडे यायला निघाले अन् आम्ही तिकडे गेलो तर पुन्हा चुकामूक. शिवाय त्या पठाराच्या कडा तुला माहीत आहेत. सापडलेल्या मुलाला घेऊन जागा सोडायची नाही, हे आपण शिकलो होतो ते त्या दिवशी कामी आलं.

शिट्टी ऐकून आधी आली ती कॉलेजची चार पोरं. दोघांना महादरवाज्यापाशी पिटाळलं. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगा, पिवळ्या रेनकोटची मुलगी सोळाकोनी तळ्यापाशी सुखरूप आहे. आणि येताना कोणीतरी बाईमाणूस घेऊन या. उरलेल्या दोघांना हाकांच्या दिशेने, पण एकमेकांना धरून जा म्हटलं.

पोरांनी कणसं विकणाऱ्या मावशींना आणलं. लोहगडवाडीच्या असाव्यात, टोपली तशीच सोडून आल्या होत्या. आल्या त्या थेट तिच्यापाशी फतकल मारून बसल्या, पदर पिळून तिचा पाय पुसला आणि तळवे आपल्या दोन्ही हातांत धरून चोळायला लागल्या. पोरीची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती, मनुक्यासारखी. मावशींचे हात निखाऱ्यावर काम करून काळे, भेगाळलेले. त्या हातांत तो एवढासा पाय, हे मी विसरणार नाही.

“कुणाची गं तू? आईचं नाव काय?”

“आई.”

“बाबांचा नंबर येतो का?”

तर म्हणे येतो! आणि बडबडगीतासारखा ताल धरून म्हणायला लागली. आठ आकडे धडाधड म्हटले. पुढे अडली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा आठ. तिसऱ्यांदा अडल्यावर तिला पहिल्यांदा रडू फुटलं. मावशींनी कमरेची पिशवी सोडली, कणसाचं एक गरम पान काढलं, त्यात सोललेले दाणे होते. “राहू दे गं. हे खा. तुझा बा येतोय.”

वीसेक मिनिटं गेली असतील. मला तासभर वाटला.

आईबाबा धुक्यातून एकदम समोरच आले. आईच्या तोंडून शब्द फुटेना. बाबांचा हात वर गेला. राग नव्हता तो, मला ठाऊक आहे, जीव घशाशी आलेल्या माणसाचा हात होता. मी मध्ये झालो. म्हटलं, “दादा, मारू नका. ती त्याच भीतीने लपली होती. तुमच्या हाका तिला ऐकू येत होत्या.”

तो माणूस जागच्या जागी खाली बसला, चिखलात. हात तसाच खाली आणला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. किती तरी वेळ तसाच. मग खिशातला रुमाल काढून तिच्या अनवाणी पायाला बांधायला लागला, तर गाठ बसेना, हात थरथरत होते. गाठ मावशींनी मारली. मावशींना पैसे देऊ केले तर त्या म्हणाल्या, “कणसाचे वीस द्या, बाकीचं काय असतंय त्याला.” आणि टोपलीकडे निघून गेल्या.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. छकुलीला गड जमेल. पायऱ्या आहेत, दिवाळीत ऊन कोवळं असतं, आपण दोघं आहोत. पण निघण्याआधी तिच्याशी एकदा बोल. काही हरवलं, फाटलं, सांडलं तरी गडावर कोणी ओरडणार नाही, हे तिला तुझ्या तोंडून ऐकू दे, आणि वहिनींच्याही. ‘अनोळखी माणसं पकडून नेतात’ एवढंच सांगून सोडू नकोस. चुकलीस तर आहेस तिथेच बस, हाकेला ओ दे, एखादी मुलंबाळं बरोबर असलेली बाई दिसली तर तिला सांग, असं सांग. तिच्यासाठी लाल शिट्टी घेऊन ठेवली आहे. घरी वाजवून घ्यायची सवय लाव, शेजारी कुरकुरले तरी चालेल.

नंबर पाठ करून घे, पूर्ण दहा आकडे. शेवटचे दोन आधी विचार.

आणि तिला नवे बूट घेऊ नकोस. रोजचे, पायाला बसलेलेच आण.

तुझाच,
मी