न्यूरोसर्जरी वॉर्डातल्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

मेंदूतली पाण्याची वाट जन्मतःच अरुंद असलेल्या, म्हणजे अक्वेडक्टल स्टेनोसिस असलेल्या आमच्या मुलांना सर्जनांनी शंट, म्हणजे डोक्यातलं जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी, बसवला. तो घेऊन घरी कसं राहायचं, हे तुम्ही शिकवलंत. त्याबद्दल आम्हा सगळ्या आईवडिलांकडून मनापासून आभार.

‘डोक्यात पाणी का होतं?’ या प्रश्नाला तुम्ही कधी कंटाळला नाहीत. हे पाणी सतत तयार होतं, मोठ्या माणसात दिवसाला सुमारे 500 मिली. मेंदूतल्या तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीमधली वाट आवळलेली असली की ते वर तुंबतं. म्हणून डोक्यात एक नळी, तिला जोडलेला, पाण्याचा प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह आणि तिथून कातडीखालून थेट पोटापर्यंत दुसरी नळी. शंट बिघडू शकतो, लहान मुलांत पहिल्याच वर्षी दर तिघांत साधारण एकाचा बिघडतो, हेही तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत. बहुतेकदा मेंदूतल्या टोकाची छिद्रं बुजतात. त्यात घरच्यांची चूक नसते. हे ऐकून किती आयांच्या मनावरचं ओझं उतरलं, ते आम्हाला ठाऊक आहे.

डोक्याचा घेर तुमच्यासारखा कुणी शिकवला नसेल. टेप न ताणणारा हवा. भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून, मागे सर्वांत फुगीर भागावरून. तीनदा मोजून मोठा आकडा तारखेसह लिहायचा. पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला सुमारे 2 सेंमी वाढ ठीक. एका आठवड्यात 1 सेंमी वाढला तर लगेच दाखवायचं. टाळू बाळ शांत असताना, बसतं धरून बघायची, कारण रडताना ती कुठल्याही बाळाची फुगते.

मोठ्या मुलांत शंट बिघडल्याच्या खुणा म्हणजे सकाळचं डोकं दुखणं, उलट्या, गुंगी, डोळा आत वळणं. उलट्या आहेत, जुलाब नाहीत आणि पोर पेंगतंय, तर अपचन समजून सकाळची वाट पाहायची नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ताप आला किंवा नळीच्या रेषेवर लाली दिसली, तर आधी जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. बद्धकोष्ठ साचू द्यायचा नाही. पोटातला दाब वाढला की पाणी नीट उतरत नाही. व्हॉल्व्ह घरी दाबून बघायचा नाही, त्यावरून खात्रीचं काही कळत नाही.

सगळ्यात मोलाचा तुमचा आग्रह होता, मूल ठणठणीत असतानाचा डोक्याचा सीटी स्कॅन फाइलमध्ये कायम ठेवण्याचा. शंट नीट चालू असूनही काहींच्या पोकळ्या मोठ्याच राहतात. उलट काहींच्या, शंट बंद पडला तरी, फुगतच नाहीत. जुनी फिल्म नसेल तर रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तुलना कशाशी करायची? आणि सीटी ‘नॉर्मल’ आला पण मूल पेंगतंय, तर न्यूरोसर्जननी पाहिल्याशिवाय घरी परतायचं नाही, हे बोलण्याचं धैर्य आम्हाला तुम्ही दिलंत.

फाइलच्या पहिल्या पानावर शंटचा प्रकार (भारतीय बनावटीचा छाब्रा असो की दुसरा), बसवल्याची तारीख आणि बाजू तुम्ही ठळक लिहून देता. बाहेरून दाब बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल, तर एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्या, अशी खाली ओळ असते. त्या पानाची एकेक झेरॉक्स आम्ही शाळेतल्या बाईंकडे आणि मुलांच्या आजोळी देऊन ठेवली आहे.

आपले कृतज्ञ,
शंट असलेल्या मुलांचे आईवडील