तुझी वही इथंच राहिली

सोलापूर, २० जानेवारी

चि. सुमेध यास अनेक उत्तम आशीर्वाद.

भोगीच्या रात्री मी जे बोलले ते मनात धरू नकोस. "मेलेल्या जनावरांवर कुणाचं पोट भरतं?" हे माझ्या तोंडून गेलं, आणि तू संक्रांतीच्या सकाळी तिळगूळही न घेता हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेलास. सिद्धेश्वराच्या जत्रेतला होम बघायला थांबला नाहीस. शेंगाचटणीचा डबा फडताळात तसाच आहे आणि नामशेष झालेल्या जनावरांवरच्या तुझ्या खेळाची निळ्या पुठ्ठ्याची वही कॉटवर. नोकरीबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

वही मी वाचली, तुला न विचारता. तीन रात्री लागल्या. हिट पॉइंट म्हणजे खेळातलं जनावर किती मार सोसेल तो आकडा, हे नीलूनं समजावलं.

स्टेगोडॉन गणेशा हे नाव वाचून मी थांबलेच. शिवालिकच्या टेकड्यांतला हत्ती, दोन सुळे इतके जवळजवळ की मधून सोंड जायला जागाच नाही, ती एका बाजूला टाकूनच चालत असणार. एवढं छान लिहिलंस आणि खाली नुसते हल्ल्याचे आकडे मांडलेस! अरे, सोंड ज्या अंगाला, त्याच अंगानं तो माणसाला उचलेल. दुसऱ्या अंगानं जाणाऱ्या खेळाडूला फासा दोनदा टाकू दे, मोठा आकडा त्याचा. म्हणजे पोरं आधी जनावराकडे नीट बघतील, मग तलवार काढतील. चौथीच्या पोरांना मी तेच शिकवत आले, आधी बघा.

एलास्मोथेरियमचंही, त्या जुन्या गेंड्याचंही, तसंच. कवटीवर हाडाचा उंचवटा आहे, पण शिंग आजवर कुणाला सापडलेलं नाही, असं तूच लिहिलंस. आणि चित्रात मात्र चार हात लांब शिंग काढलंस. खेळात ते कुणाला धड दिसूच देऊ नकोस. एका गावात म्हणतील भाल्यासारखं आहे, दुसऱ्या गावात म्हणतील मुठीएवढं. खरं काय ते समोर गेल्यावरच कळू दे.

अँड्र्यूसार्कसचं पान वाचताना मात्र पोटात गोळा आला. १९२३ मध्ये चीनमधल्या इनर मंगोलियात एक कवटी मिळाली, पाऊण मीटरहून लांब, आणि बाकी काहीच नाही. त्या एका कवटीवरून लोकांनी अख्खं जनावर उभं केलं. तूही एका वहीवर अख्खा संसार उभा करायला निघालास का रे? राजीनामा दिला नसशील तर थोडं थांब. पुढची पायरी चाचपल्याशिवाय माणसानं मागचा पाय उचलू नये. नीलूची फी आहे, घराचा हप्ता आहे. बघ, लागले वर्गात बोलल्यासारखं बोलायला. माफ कर.

पण तुला ठाऊक आहे मी अशी का. गिरणीला टाळं लागलं त्या दिवशी अण्णा डबा न उघडता घरी आले. तू चौथीत होतास. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले आणि पाटावर बसून राहिले. मी झाकण काढलं तर भाकरी जशीच्या तशी, वर कांदाही न फोडलेला. शेवटच्या दोन महिन्यांचा पगार कधी आलाच नाही. तेव्हापासून महिन्याची एक तारीख आली की माझी छाती धडधडते, पेन्शन जमा झाली तरी.

शेवटी ते इंडोहायस. मांजराएवढं, हरणासारखं, साडेचार कोटी वर्षांहून जुनं, आणि देवमाशाचं नातलग! तू त्याला तीनच हिट पॉइंट दिलेत. घाबरलं की पाण्यात बुडी मारतं, हाडं जड म्हणून तळाशी चालतं. खेळाडूंनी त्याला मारायचं नाही, त्याच्या मागे जाऊन पाण्यातली वाट शोधायची. सुमेध, हे तू फार चांगलं केलंस. आणि समासात ती हकिगत लिहिलीस. भूगर्भशास्त्रज्ञ रंगा रावांनी जम्मूतल्या कालाकोटहून आणलेले जीवाश्मांचे दगड त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीनं जपून ठेवले, मग एका शास्त्रज्ञाच्या हवाली केले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं हाड निघालं, थेट देवमाशासारखं. २००७ मध्ये ते जगाला कळलं. मी ते चारदा वाचलं. नवऱ्याचे दगड कुणी टाकून दे म्हटलं असेल, तरी त्या बाईंनी टाकले नाहीत. अण्णांचा मागावरचा धोटा माळ्यावर आहे. मीनाक्का दर दिवाळीला म्हणते भंगारात दे. मी देत नाही.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी तू काडीनं जनावरं काढायचास, आणि अण्णा लोकांना बाजूनं जा म्हणून सांगत उभे राहायचे, ते आठवलं.

वही आणि चटणी कुरिअरनं पाठवतेय. इंडोहायसच्या पानाची झेरॉक्स मी ठेवून घेतलीय. रात्री जागून काढू नकोस. राजीनामा दिलास की नाही, तेवढं एका ओळीत कळव. दिला असलास तरी कळव.

तुझी
आई

ता. क. चटणीत लसूण जास्त घातलाय, तुला आवडतो तसा.